हृदयाच्या ठोक्यांची मोजमापे आणि 'असामान्य' या शब्दाची व्याख्या : एक चिकित्सा

प्रस्तावना

खटकचिंचोळी आणि भालकी परिसरातील शाळा-महाविद्यालयांत अलीकडे आरोग्य तपासणी शिबिरे वारंवार होतात. वजन, रक्तदाब, साखर आणि शेवटी ईसीजी असा त्यांचा क्रम ठरलेला असतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरात प्रस्तुत लेखकाच्या ओळखीच्या दोन व्यक्तींचा ईसीजी काढण्यात आला. पहिले क्रीडाशिक्षक. रोज पहाटे धावणारे, निर्व्यसनी गृहस्थ. त्यांच्या कागदावर यंत्राने 'अ‍ॅबनॉर्मल ईसीजी' असे छापले. कारण एवढेच की त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ५२ भरले. दुसरे कार्यालयातील लिपिक. त्यांना अधूनमधून छातीत धडधड होत असे. परंतु त्यांच्या कागदावर 'नॉर्मल ईसीजी' असे आले.

क्रीडाशिक्षकांनी भीतीपोटी धावणे सोडले. घरातील माणसे त्यांना जिना चढू देईनात. लिपिकांनी कागद कपाटात ठेवला आणि धडधडीची तक्रार पुन्हा कोणाजवळ केली नाही. पुढे वर्षभराच्या आत त्यांना अर्धांगाचा झटका आला. त्या वेळी दवाखान्यात चोवीस तासांची नोंद घेतली असता त्यांच्या हृदयाचा ताल मधूनमधून पूर्णपणे अनियमित होत असल्याचे आढळले.

या दोन्ही प्रसंगांत यंत्र बिघडलेले नव्हते आणि मोजमापही चुकलेले नव्हते. मग चूक कोठे झाली? प्रस्तुत लेखकाच्या मते ती 'असामान्य' या शब्दाच्या व्याख्येत आणि त्या व्याख्येच्या वापरात झाली. लेखक वैद्यकशास्त्राचा पदवीधर नाही, संख्याशास्त्र शिकवणारा अध्यापक आहे. म्हणून येथे रोगाचे निदान किंवा उपचार सांगण्याचा हेतू नाही. हृदयाच्या तालाची मोजमापे 'सामान्य' की 'असामान्य' हे ज्या सीमारेषांनी ठरते, त्या रेषा कोठून आल्या, कितपत पक्क्या आहेत आणि त्यांचा अर्थ कसा लावावा, याची चिकित्सा करणे हा या लेखाचा उद्देश आहे.

मोजमापाची पद्धत

हृदयाच्या आकुंचनापूर्वी त्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह पसरतो. त्वचेवर चकत्या लावून तो टिपता येतो. १८८७ मध्ये लंडन येथे ऑगस्टस वॉलर यांनी मानवी हृदयाचा असा आलेख प्रथम मिळवला. हॉलंडमधील शास्त्रज्ञ विलेम आइंटहोवन यांनी तंतू-गॅल्व्हानोमीटर तयार करून हे तंत्र अचूक केले आणि आलेखातील उंचवट्यांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे दिली. त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शंभर वर्षांनंतरही हीच नावे वापरात आहेत.

ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो. म्हणून १ मिलिमीटरचा लहान चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद आणि ५ मिलिमीटरचा मोठा चौकोन म्हणजे २०० मिलिसेकंद होतात. लागोपाठच्या दोन ठोक्यांमधील मोठे चौकोन मोजून ३०० ला त्या संख्येने भागले की मिनिटाचा दर मिळतो. चार चौकोन असतील तर ७५, सहा असतील तर ५०. ताल अनियमित असेल तर ही रीत चालत नाही. अशा वेळी दहा सेकंदांच्या पट्टीतील ठोके मोजून सहाने गुणावे लागते.

पी लहर म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे, अर्थात अलिंदांचे, विद्युत उद्दीपन. क्यूआरएस म्हणजे खालच्या कप्प्यांचे, अर्थात निलयांचे, उद्दीपन. टी लहर म्हणजे निलयांची पूर्वस्थितीत परत येण्याची क्रिया. पाठ्यपुस्तकांत प्रौढ माणसासाठी साधारणपणे पुढील सीमा दिलेल्या असतात. ठोक्यांचा दर मिनिटाला ६० ते १००. पीआर कालांतर १२० ते २०० मिलिसेकंद. क्यूआरएसची रुंदी सुमारे ११० मिलिसेकंदांपर्यंत, आणि १२० किंवा त्याहून अधिक असल्यास वहनमार्गाच्या शाखेत पूर्ण अडथळा असल्याचा विचार. दरानुसार दुरुस्त केलेले क्यूटी कालांतर पुरुषांत ४५० व स्त्रियांत ४६० मिलिसेकंदांच्या आत. हे आकडे विद्यार्थी पाठ करतात आणि यंत्रही यांसारख्याच आकड्यांवरून निर्वाळा देते.

'सामान्य' म्हणजे काय?

येथे 'सामान्य' या शब्दाचे तीन अर्थ एकमेकांत मिसळतात. ते वेगळे करणे आवश्यक आहे. पहिला अर्थ संख्याशास्त्रीय : जे बहुसंख्य लोकांत आढळते ते सामान्य. दुसरा अर्थ आरोग्यविषयक : ज्यामुळे अपाय होत नाही ते सामान्य. तिसरा अर्थ व्यक्तिगत : जे त्या माणसाचे नेहमीचे आहे ते त्याच्यापुरते सामान्य. ईसीजीच्या कागदावर शब्द एकच छापला जातो. वाचणारा मात्र तो नेहमी दुसऱ्या अर्थाने घेतो.

वास्तविक बऱ्याच सीमा पहिल्या अर्थाने ठरलेल्या आहेत. निरोगी लोकांचा एक गट घ्यावयाचा, मोजमापे करावयाची आणि मधले ९५ किंवा ९६ टक्के लोक ज्या मर्यादेत येतात तिला सामान्य म्हणावयाचे, अशी ही रीत आहे. या रीतीचा अपरिहार्य परिणाम असा की, शंभर निरोगी माणसांपैकी चार-पाच माणसे केवळ व्याख्येमुळे 'असामान्य' ठरतात. त्यात मोजमापे अनेक असतात. समजा, एकमेकांशी संबंध नसलेली दहा मोजमापे घेतली आणि प्रत्येकाची सीमा ९५ टक्क्यांची आहे. तर दहाही मोजमापे सीमेच्या आत असण्याची संभाव्यता ०.९५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.६० येते. अर्थात पूर्ण निरोगी असलेल्या शंभरांपैकी चाळीस माणसांचे कोणते ना कोणते मोजमाप रेषेबाहेर जाईल. प्रत्यक्ष ईसीजीतील मोजमापे परस्परांशी निगडित असल्यामुळे हे प्रमाण इतके मोठे नसते, परंतु दिशा हीच असते.

ही अडचण जाणकारांना फार पूर्वीपासून माहीत आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे अर्न्स्ट सायमनसन यांनी १९६१ मध्ये ईसीजीतील सामान्य व असामान्य यांतील भेद याच विषयावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच विद्यापीठातील हेन्री ब्लॅकबर्न व सहकाऱ्यांनी १९६० मध्ये 'मिनेसोटा कोड' तयार केला. त्यात आलेखातील बदलांना क्रमांक देण्यात आले. त्यामागील दृष्टी लक्षात घेण्यासारखी आहे : आधी जे दिसते ते सर्वांनी एकाच पद्धतीने मोजावे, त्याचा रोगाशी संबंध आहे की नाही ते नंतर पाहावे. आजचे यंत्र या दोन पायऱ्या एकाच ओळीत उरकून टाकते.

दराची सीमा

सर्वात परिचित सीमा म्हणजे मिनिटाला ६० ते १०० ठोके. हे आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत, आणि त्यांच्या लोकप्रियतेला हा सोपेपणाही कारणीभूत असावा. ६० म्हणजे सेकंदाला एक ठोका, ५ मोठे चौकोन. १०० म्हणजे ३ मोठे चौकोन. निरोगी लोकांची प्रत्यक्ष मोजमापे मात्र थोडे वेगळे चित्र दाखवतात. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ डेव्हिड स्पॉडिक यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी विश्रांतीच्या वेळचा सामान्य दर ५० ते ९० मानावा असे सुचवले. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थांनी मंद तालासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत मंद गतीची सीमा ६० ऐवजी ५० धरण्यात आली.

याचा अर्थ असा की, आमच्या क्रीडाशिक्षकांचे ५२ ठोके एका व्याख्येनुसार असामान्य आणि दुसऱ्या व्याख्येनुसार सामान्य. त्यांचे हृदय तेच होते. नियमित व्यायाम करणाऱ्या माणसाचा विश्रांतीचा दर कमी असणे अपेक्षित असते, आणि झोपेत तर निरोगी तरुणांचा दर ४० च्याही खाली जाऊ शकतो. याच मार्गदर्शक तत्त्वांत आणखी एक महत्त्वाची बाब नमूद आहे. कृत्रिम गतिकारक बसवण्यासाठी केवळ दराचा असा एकच ठरावीक आकडा नाही. चक्कर, शुद्ध हरपणे, थकवा ही लक्षणे आणि मंद गती यांचा संबंध जुळतो का, हे बहुतांश रुग्णांत निर्णायक ठरते. म्हणजे आकड्याला लक्षणाची जोड मिळाल्यावाचून तो पुरावा होत नाही.

पीआर कालांतर : एकाच रेषेविषयी दोन निष्कर्ष

पीआर २०० मिलिसेकंदांहून अधिक असेल तर त्याला प्रथम श्रेणीचा अलिंद-निलय अवरोध असे नाव दिले जाते. 'अवरोध' हा शब्द ऐकताच रक्तवाहिनी बंद झाल्याची कल्पना माणसाच्या मनात येते. 'हार्टमध्ये ब्लॉक निघाला' असे गावभर होते. प्रत्यक्षात येथे काहीही बंद झालेले नसते. विद्युतसंदेश थोडा उशिरा पोहोचतो, परंतु प्रत्येक संदेश पोहोचतो. रक्तवाहिनीतील अडथळ्याशी याचा संबंध लावणे ही शब्दाने केलेली दिशाभूल आहे.

या लांबणीचा धोका किती? अमेरिकेतील फ्रामिंगहॅम अभ्यासातून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, साडेसात हजारांहून अधिक लोकांच्या दीर्घ पाहणीत पीआर लांबलेल्यांमध्ये अलिंद-कंपनाचा धोका सुमारे दुप्पट व गतिकारकाची गरज सुमारे तिप्पट आढळली. मृत्यूचे प्रमाणही काहीसे अधिक होते. यानंतर फिनलंडमधील दहा हजारांहून अधिक मध्यमवयीन लोकांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असा वाढीव धोका आढळला नाही. उलट लांबलेले पीआर पुढील तपासणीत जवळपास तीस टक्के लोकांत आपोआप सीमेच्या आत आलेले दिसले.

दोन्ही अभ्यास मोठे व काळजीपूर्वक केलेले आहेत. म्हणून एक खरा व एक खोटा असे म्हणता येणार नाही. सहभागी लोकांचे वय व इतर आजार वेगळे असल्यास एकाच रेषेचा अर्थ बदलू शकतो, एवढाच बोध यातून घ्यावा लागेल. शिवाय मोजमापाची सूक्ष्मताही लक्षात घ्यावी. २०० आणि २१० मिलिसेकंद यांतील फरक म्हणजे एका लहान चौकोनाचा चौथा हिस्सा, अर्थात पाव मिलिमीटर. 'निरोगी' आणि 'अवरोध' यांमधील भिंत एवढी पातळ आहे.

क्यूटी कालांतर : सूत्र बदलले की निर्वाळा बदलतो

संख्याशास्त्राच्या अध्यापकाला सर्वात जास्त विचार करायला लावणारे मोजमाप म्हणजे क्यूटी. ठोके जलद झाले की क्यूटी आखूड होते, मंद झाले की लांबते. म्हणून वेगवेगळ्या दरांच्या माणसांची तुलना करण्यासाठी ते मिनिटाला ६० ठोक्यांच्या पातळीवर आणून दुरुस्त करतात. ही दुरुस्ती कशी करावी याची अनेक सूत्रे आहेत. हेन्री बॅझेट यांनी १९२० मध्ये अवघ्या ३९ निरोगी तरुणांच्या नोंदींवरून वर्गमुळाचा नियम मांडला. त्याच वर्षी डेन्मार्कच्या फ्रिडेरिशिया यांनी ५० व्यक्तींच्या नोंदींवरून घनमुळाचा नियम मांडला. फ्रामिंगहॅमचे सरळ रेषेचे सूत्र १९९२ मधील आहे. यंत्रांत मात्र बॅझेट यांचे सूत्र सर्वाधिक रूढ झाले.

आता एक उदाहरण सोडवून पाहू. एका अध्यापिकेचा दर मिनिटाला १०० आहे. शिबिराची गर्दी, उन्हातून चालत येणे आणि थोडी भीती यांमुळे एवढा दर सहज होतो. मोजलेले क्यूटी ३६० मिलिसेकंद आहे. दोन ठोक्यांतील अंतर ०.६ सेकंद. त्याचे वर्गमूळ ०.७७५. बॅझेट यांच्या रीतीने दुरुस्त क्यूटी ४६५ येते, म्हणजे असामान्य. ०.६ चे घनमूळ ०.८४३. फ्रिडेरिशिया यांच्या रीतीने ४२७ येते, म्हणजे सामान्य. फ्रामिंगहॅमच्या सूत्राने ४२२ येते, म्हणजे सामान्य.

आता उलट बाजू पाहू. एका पुरुषाचा दर ५० आणि क्यूटी ४९० मिलिसेकंद आहे. दोन ठोक्यांतील अंतर १.२ सेकंद. बॅझेट यांच्या रीतीने ४४७ येते, म्हणजे सीमेच्या आत. फ्रिडेरिशिया यांच्या रीतीने ४६१ आणि फ्रामिंगहॅमच्या रीतीने ४५९ येते, म्हणजे सीमेबाहेर. थोडक्यात, बॅझेट यांचे सूत्र जलद गतीत निरोग्याला दोषी ठरवते आणि मंद गतीत दोष झाकते. २००९ मध्ये अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थांनी बॅझेट यांच्याऐवजी सरळ रेषेची सूत्रे वापरावीत आणि कोणते सूत्र वापरले ते अहवालात नमूद करावे, अशी शिफारस केली. आजही शिबिरांतून मिळणाऱ्या कागदांवर नुसता आकडा असतो, सूत्राचे नाव क्वचितच दिसते.

हा केवळ गणिताचा वाद नाही. क्यूटी खरोखर फार लांबले, विशेषतः ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेले, तर निलयांचा प्राणघातक ताल सुरू होण्याचा धोका वाढतो. काही प्रतिजैविके, मलेरियावरील काही औषधे आणि मानसिक आजारांवरील काही औषधे हे कालांतर वाढवतात. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पोटॅशियम घटले तरी ते वाढते. २०२० मध्ये कोविडच्या साथीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा वापर झाला, तेव्हा हा विषय सर्वत्र चर्चेत आला. म्हणून क्यूटीचा आकडा टाकून देण्याजोगा नाही. तो कोणत्या सूत्राने आला हे विचारण्याजोगा आहे.

दहा सेकंदांत न मावणारा ताल

आतापर्यंत सीमेबाहेर गेलेल्या निरोगी माणसाचा विचार केला. आता सीमेच्या आत राहिलेल्या आजारी माणसाचा विचार करू. अलिंद-कंपन या विकारात अलिंदे नियमित आकुंचन न पावता थरथरतात. पी लहर नाहीशी होते आणि ठोक्यांमधील अंतर कोणत्याही नियमाविना बदलत राहते. अलिंदात रक्त साकळून गुठळी होण्याचा व ती मेंदूत जाऊन अर्धांग होण्याचा धोका असतो. बऱ्याच रुग्णांत हा ताल काही मिनिटे किंवा तास येतो आणि जातो.

नेहमीची पट्टी साधारण दहा सेकंदांची असते. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. दहा सेकंदांच्या निरोगी तुकड्यावरून उरलेल्या दिवसाविषयी निर्वाळा देणे म्हणजे एका दाण्यावरून सगळ्या पोत्याची प्रत ठरवणे होय. एका वाहिनीच्या नोंदीत हा ताल किमान ३० सेकंद दिसावा, असा संकेत युरोपीय हृदयरोग संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. ३० सेकंद हाही निसर्गाने आखलेला आकडा नाही, तज्ज्ञांनी सोयीसाठी मान्य केलेला आहे. आमच्या लिपिकांच्या कागदावर 'या दहा सेकंदांत दोष दिसला नाही' असे छापले असते, तर ते खरे ठरले असते आणि कदाचित त्यांनी धडधडीची तक्रार सोडून दिली नसती.

आपल्या देशात या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे. भारतीय हृदयताल संस्थेच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदवहीत अलिंद-कंपनाच्या दीड हजारांहून अधिक रुग्णांची माहिती आहे. त्यांचे सरासरी वय सुमारे ५५ होते आणि जवळपास निम्म्यांना सांधेतापाने झालेला हृदयाच्या झडपांचा विकार होता. पाश्चात्त्य देशांत हा मुख्यतः वृद्धांचा विकार मानला जातो. तेथील वयोमर्यादा जशीच्या तशी उचलली तर आपल्याकडील चाळिशीतील बाई तपासणीच्या चौकटीबाहेरच राहील.

यंत्राचा निर्वाळा आणि माणसाचा संदर्भ

संगणकाकडून ईसीजी वाचून घेण्याचे प्रयत्न १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ह्युबर्ट पिपबर्गर यांनी सुरू केले. युरोपातील योस विलेम्स यांच्या नेतृत्वाखाली नऊ संगणक-प्रणाली आणि आठ हृदयरोगतज्ज्ञ यांची तुलना करण्यात आली. १९९१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इतर तपासण्यांनी निदान पक्के झालेल्या १,२२० व्यक्तींच्या ईसीजींपैकी प्रणालींनी मध्यमानाने सुमारे ७० टक्के व तज्ज्ञांनी सुमारे ७६ टक्के बरोबर ओळखले. त्यानंतर यंत्रे पुष्कळ सुधारली आहेत. तथापि या अभ्यासातील दुसरा आकडाही विसरू नये. केवळ कागद पाहून तज्ज्ञही चारांपैकी एका प्रकरणात चुकले. म्हणजे उणीव यंत्राचीच नाही, संदर्भाविना वाचलेल्या कागदाची आहे.

संदर्भाचे महत्त्व सांगणारे एक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. मराठवाड्यातील जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास केला. घाम, उलट्या, थंडगार हातपाय ही हृदयावर परिणाम होत असल्याची पूर्वसूचना आहे, हे त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे १९८६ मध्ये त्यांनी त्याच नियतकालिकात प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाविषयी लिहिले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दंश झालेल्या मुलाचे मिनिटाला १२० ठोके आणि घाबरलेल्या लहान मुलाचे १२० ठोके कागदावर सारखेच दिसतात. फरक हाताच्या थंडपणात आणि कपाळाच्या घामात असतो. तो कागदावर नसतो, खाटेजवळ उभे राहिल्यावर कळतो.

हा विचार नवीन नाही. अकराव्या शतकात इब्न सीना यांनी 'अल-कानून' या ग्रंथात नब्ज, म्हणजे नाडी, हिचे विवेचन करताना तिचा आकार, वेग, जोर, ठोक्यांमधील विराम व नियमितपणा यांचा विचार केला. शिवाय वय, स्त्री-पुरुष भेद, ऋतू, झोप व व्यायाम यांनुसार नाडी कशी बदलते हे स्वतंत्रपणे सांगितले. त्या काळच्या शरीरविज्ञानाच्या कल्पना आज टिकलेल्या नाहीत. परंतु नाडीचा अर्थ माणूस पाहून लावावा ही शिस्त आजही लागू आहे.

आमच्या सीमाभागाच्या दृष्टीने एक समाधानाची बाब नमूद करावी लागेल. कर्नाटक शासनाच्या डॉ. पुनीत राजकुमार हृदयज्योती योजनेत तालुका पातळीवर काढलेला ईसीजी दूरच्या केंद्रातील तज्ज्ञांना दाखवून हृदयविकाराच्या झटक्यावर तातडीने उपचार करण्याची व्यवस्था आहे. बेंगळुरूच्या जयदेव हृदयरोग संस्थेची शाखा कलबुर्गी येथे आहे. म्हणजे यंत्राच्या ओळीवर न थांबता माणसाचे मत मिळवणे आता पूर्वीइतके दुर्लभ राहिलेले नाही.

शब्दाचा प्रश्न

आपल्या भागात घरी मराठी किंवा दखनी, बाजारात कन्नड आणि कागदावर इंग्रजी अशी स्थिती आहे. 'अ‍ॅबनॉर्मल' हा शब्द या सर्व भाषांतून फिरत घरी पोहोचतो तेव्हा त्याचे 'हार्ट खराब आहे' असे होते. 'असामान्य' हा मराठी प्रतिशब्दही निर्दोष नाही. आपण असामान्य बुद्धिमत्ता, असामान्य धैर्य असे गौरवाने म्हणतो आणि हृदयाच्या बाबतीत तोच शब्द भीतीने उच्चारतो. 'सीमेबाहेरचे मोजमाप' हा शब्दप्रयोग लांब असला तरी अधिक प्रामाणिक आहे. काय मोजले आणि ते कोणत्या रेषेच्या बाहेर गेले, हे विचारण्यास तो भाग पाडतो.

आक्षेप आणि उत्तर

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, सीमारेषा नसतील तर वैद्यक चालणार कसे? गर्दीच्या दवाखान्यात डॉक्टरांना झटपट निर्णय घ्यावा लागतो. शिवाय दहा निरोगी माणसे विनाकारण घाबरली तरी चालतील, पण एक आजारी माणूस सुटू नये. हा आक्षेप वजनदार आहे. सीमारेषा हव्यातच, त्या पुसून टाकाव्यात असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. मात्र भीतीलाही किंमत असते. क्रीडाशिक्षकांनी धावणे सोडले, हे त्यांच्या आरोग्याचे नुकसानच होते. मजुरी बुडवून, उसने पैसे घेऊन सोलापूर किंवा हैदराबाद गाठणाऱ्या कुटुंबाचे नुकसान तर आकड्यांत मांडता येते. आणि खोट्या भीतीच्या दुसऱ्या टोकाला खोटा दिलासा उभा असतो. दोन्हींचे मूळ एकच : रेषेला निदान समजणे. रेषा ही 'येथे थांबून पाहा' असे सांगणारी खूण आहे. पुढे काय आहे ते तिला माहीत नसते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ईसीजीतील तालाच्या मोजमापांच्या अनेक सीमा संख्याशास्त्रीय किंवा संकेताने ठरलेल्या आहेत. त्यांच्याबाहेर असणे म्हणजे आजार आणि आत असणे म्हणजे आरोग्य, असे समीकरण मांडता येत नाही.

२. या सीमा काळाबरोबर बदलतात, आणि वय, लिंग, व्यायाम, औषधे व सोबतचे आजार यांनुसार त्यांचा अर्थ बदलतो.

३. दुरुस्त क्यूटीचा आकडा सूत्राच्या नावाविना अपुरा आहे. शिबिराच्या अहवालावर सूत्र, त्या वेळचा दर आणि नोंदीचा कालावधी छापलेला असावा.

४. लक्षणे असलेल्या माणसाने 'नॉर्मल' या शब्दावर थांबू नये, आणि लक्षणे नसलेल्याने 'अ‍ॅबनॉर्मल' या शब्दावर धीर सोडू नये. दोघांनीही डॉक्टरांकडे जावे. चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे किंवा दम लागणे असेल तर विनाविलंब जावे.

५. प्रत्येकाने आपला जुना ईसीजी जपून ठेवावा. नव्या कागदाची तुलना करण्यास त्याच माणसाच्या जुन्या कागदाइतके चांगले साधन नाही.

शेवटी आपणा अध्यापकांविषयी. ईसीजीचा कागद हा संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र आणि भाषा या चारही विषयांच्या वर्गात शिकवता येईल असा पाठ आहे. वर्गमूळ आणि घनमूळ यांतील फरकाने माणूस आजारी किंवा निरोगी ठरतो, हे विद्यार्थ्याने एकदा स्वतः आकडे मांडून पाहिले की तो पुन्हा कोणत्याही छापील निर्वाळ्यापुढे निमूटपणे मान तुकवणार नाही. पुढील शिबिराच्या वेळी आपल्या महाविद्यालयातील दहा-बारा विद्यार्थी कागद वाचून दाखवण्यासाठी नव्हे, तर 'हा आकडा कोणत्या सूत्राने आला' आणि 'तुम्हाला काही त्रास होतो का' हे दोन प्रश्न विचारण्यासाठी टेबलाजवळ उभे राहिले, तरी पुष्कळ झाले. क्रीडाशिक्षक आता पुन्हा धावू लागले आहेत. लिपिक काठी घेऊन चालतात. या दोन्ही कागदांजवळ हे दोन प्रश्न विचारणारे त्या दिवशी कोणी नव्हते.